घराची निंदा

बँकेच्या कर्ज विभागात शिंपीकाका आपला नंबर यायची वाट पाहत बसले होते. मागच्या बाकावर घर घ्यायला निघालेलं एक जोडपं कुजबुजत होतं, आणि काकांचे कान आपोआप तिकडे वळले.

“बँकेनं घराची किंमत एवढी कमी का धरली?”

“त्यांचा माणूस घर बघायला आला, तेव्हा मी जरा बोललो.”

“काय बोललात?”

“भिंतींना ओल आहे, गच्ची गळते, नळाला जोर नाही.”

“अहो, ते घरमालकाला ऐकवायचं होतं, भाव पाडायला.”

“इतके दिवस तेच घोकतोय. तोंडात बसलंय.”

“म्हणजे कर्ज कमी मिळणार. वरचे पैसे कुठून आणायचे?”

“आणायचेच नाहीत. मालक तिथंच उभा होता. काल त्याचा फोन आला. म्हणाला, तुमचं ऐकून मलाच माझ्या घराची लाज वाटली. बँक म्हणते त्या किमतीला घेऊन टाका.”

काकांचा नंबर पुकारला गेला, तरी ते उठले नाहीत.

“अगं, आता तरी हस.”

“हसू कशी? असल्या घरात राहायचं कुणी?”