शंभर वॅटचं बलब

न्हाय न्हाय, चहा नगं मष्णू, बसायला आलो न्हाय मी — आधी गाडीचं ह्ये बलब काढ आणि तुझं तू ठेव. शंभर वॅटचं म्हणून बसवलंस न्हवं? अण्णा, रात्रीचा दिवस हुतोय बघा, म्हणालतास. कुटं झाला दिवस? जुन्या बलबचा उजेड हुता तेवढाच हाय. माझी हयात गेली निपाणीत टॅक्सी चालवण्यात, मला उजेड कळत न्हाय व्हय? तवंदीचा घाट मी त्या पिवळ्या दिव्यांवर उतरलोय, तंबाखूच्या आंदोलनाच्या साली हायवे बंद हुता तवा शेतातनं बाळंतिणी पोचवल्यात. — बोटाला? काय न्हाय रं, सायलेन्सरचा चटका बसला. तू बलबचं बोल.

वायर बारीक हाय, करंट पोचत न्हाय, म्हणालास. म्हणलं, जाड वायर वढ. वढलीस. मग म्हणालास रिले घालू, सरळ बॅटरीवरनं करंट यील. घातलास. दिव्यामागची चकचकीत वाटी काळी पडलीया म्हणालास, ती बी नवी आणली. आता काय बदलायचं ऱ्हायलं? आणि गंमत ऐक — समोरनं येणारा ट्रकवाला दिवं उघडझाप करतोय, काच खाली घेऊन माझ्या बापाचा उद्धार करतोय. यष्टीचा डायवर तर गाडी थांबवून उतरला, म्हणला, म्हाताऱ्या, आमचं डोळं फोडतोस काय. म्हंजे बघ, समोरच्याचं डोळं दिपत्यात आणि मला फुडचा रस्ता दिसत न्हाय. असलं कुटं बलब असत्यात? उजेड सगळा त्येंच्याकडं आणि अंधार तेवढा माझ्याकडं.

काळं? काचंवरचं काळं व्हय — ते मीच खरवडलं. ब्लेडनं. वरची अर्धी काच सरकार काळी करायला लावतंय, मग उजेड बाहीर येणार कुठनं, सांग की. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं इचारलं, रंग कुटं गेला. म्हणलं, धुताना गेला साहेब. या वयात खोटं बोलायची पाळी आली बघ. आमची जयाची आई नगं नगं म्हणत हुती, पर तिचं कोण ऐकतंय.

तिची एक तऱ्हाच. अलीकडं दिवस मावळला की फुडच्या सीटवर हजर. पाशिंजर चेष्टा करत्यात, म्हातारपणी जोडी फिराय निघाली म्हणत्यात. आणि तोंडाला दम न्हाय — आवं बैल हायत, आवं सायकलवाला, आवं जरा डावीकडनं, वढ्याची मोरी आली. म्हणलं, गाडी मी चालवतोय का तू? तर म्हणती, तुम्हीच की, मी आपली बोलतीया, तुमचा डोळा लागू ने म्हणून. गुणाची हाय. माझा डोळा कशाला लागतोय, पर म्हणलं बोलू दे, तेवढंच बरं वाटतंय. खरं सांगू, ती बोलली की हात थिर ऱ्हातोय.

म्हणूनच म्हणतो, आजच्या आज कायतरी कर. उद्या सदलग्याला जायाचं हाय, जयाला आणायला. पैलं बाळातपण, माहेरीच व्हायला पायजे. तिची सासू म्हणती, ओटी भरून, जेवून संध्याकाळी निघा. संध्याकाळीच सोडणार, तिला कोण काय बोलणार? पोरगी पोटुशी मागं बसणार, तिची आई बी मागं, तिला धरून. म्हंजे फुडं मी एकलाच. उजेड नगं व्हय मला?

परवा बी एकलाच हुतो. ही बारशाला गेलती. तुला कळलंच असंल, ह्या गावात काय झाकून ऱ्हातंय. कोगनोळीच्या अलीकडं बैलगाडी, ऊस टाकून परत निघालती. कंदील न्हाय, काय न्हाय. चाकाला घासलो. बैल बुजलं, गाडीवान खाली आला — मायाप्पा म्हणून हाय, कोगनोळीचाच. पाय मुरगाळला, मोडला न्हाय, देवाची कृपा. माणसं जमली ती त्येच्यावरच तुटून पडली, बिनकंदिलाची गाडी हायवेला काढतोस, उद्या कुणाचा तरी जीव घेशील. मी बी बोललो. बोलणारच की. त्यो आपला हात जोडून उभा, अण्णा चुकलं, कंदील आसाखाली बांधलाता, वाऱ्यानं विझला असंल, मागं बघायला पायजे हुतं म्हणत. माझ्या पाया पडला बघ त्यो. वयानं माझ्यापेक्षा थोरला.

ते जाऊ दे. — काय करतोस? हां, लाव, लाव. ह्या वखारीच्या भिंतीवर टाक. अंधार पडलाच हाय, आता बघच तू. … हं. … बघ, पकडला का न्हाय तुला? दोन्ही अंगाला सारखंच मिणमिणतं. जुनं बलब आणि नवं बलब, फरक काय ऱ्हायला मग? म्हणून म्हणतो, बलब इकणाऱ्या मुंबईवाल्यानं तुला फशिवलं आणि तू मला.

काय म्हणतोस?

डावा जुना हाय? आत्ताच घातलास व्हय, मी बडबडत हुतो तवा. आणि उजवा शंभरचा. … थांब. मला जवळ जाऊ दे. … कोंडाआक्का, तुझ्या टपरीवरचं चहाचं राहू दे, हिकडं बघ, ह्या दोन दिव्यांत लख्ख कुठला? … उजवा. वळून बघितल्या बघितल्या म्हणालीस गं. चष्मा बी न्हाय लावलास.

बरं.

बोलू नगंस मष्णू. बलब चांगलंच हाय तुझं. जयाच्या आईला ठावं हाय, मला काय कळत न्हाय व्हय, आवं मोरी आली, आवं बैल आलं — माहेराला जायाचं सुदीक सोडलंय तिनं. डोळ्याच्या शिबिरात न्हेलतं तिनंच. माझ्या फुडच्या माणसानं बोर्ड वाचला, ते ध्यानात ठेवून तसंच म्हणालो, डॉक्टर म्हणले, छान. बाहीर येऊन तिला बी तेच सांगितलं, छान हाय म्हणून. दुसऱ्या दिवसापासनं ती फुडच्या सीटवर.

ह्ये बोट सायलेन्सरचं न्हवं. माणसं यायच्या आधी मी उतरलो, तर कंदील रस्त्याच्या कडंला पडलेला. विझलेला हुता, पर काच — काच तापली हुती रं. चरचरलं बोट. तेवढ्यात माणसांचा आवाज आला आणि मी त्यो उसात भिरकावला. का ते मला सांगता येणार न्हाय. हातानं टाकला, मी न्हाय टाकला — न्हाय, हाताला कशाला नावं ठेवतोय. मीच टाकला. आणि त्यो गडी वाऱ्याला दोष देतोय, माझ्या पायाला हात लावतोय. जळू दे असलं मोठेपण.

ही घे किल्ली. उद्या सदलग्याला तू चालीव. म्हणायचं, अण्णाला ताप — न्हाय, कायबी म्हणू नगंस, मी सांगतो पोरीला. आणि जाताना वाट वाकडी करून कोगनोळीत थांब, मायाप्पाच्या दारात. त्येला म्हण, तुझा कंदील पेटत हुता. … मी? माझ्यानं न्हाय हुणार. … बघू नगंस असा. बरं. येतो. तूच न्हे मला, मागच्या सीटवर बसवून. मागं कसं बसत्यात ते बी कळंल.

जा, तुझं गिऱ्हाईक खोळंबलंय. आणि त्ये दिवं मालीव आधी, बॅटरी उतरंल.