चारचौघांत सांगायचं राहिलेलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष श्री. शरच्चंद्र धैर्यवान, व्यासपीठावरचे कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या गोल्फ क्लबचे इतकी वर्षं सचिव असलेले श्री. जयवंत कुबल, त्यांच्या शेजारी हार सांभाळत बसलेल्या सौ. दर्शनावहिनी, आणि भाषणं कधी संपतात नि बटाटेवडे कधी येतात याची वाट बघणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना शेवंती मानकरचा नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे घंटा ऐकल्याशिवाय थांबायची सवय नाही. तेवढं सांभाळून घ्यावं.

मी इथं का उभी आहे, हा प्रश्न तुमच्यातल्या काहींना पडला असेल. मला गोल्फमधलं काही कळत नाही. एवढासा चेंडू, एवढासा खड्डा, आणि त्यासाठी पहाटे उठून चहा न पिता निघून जाणारा नवरा, एवढीच माझी या खेळाशी ओळख. कुबलांच्या कामाचा गौरव करायला इथं माझ्याहून लायक माणसं आहेत. मी आले आहे ती माझ्या यजमानांचं, कैलासवासी अच्युत मानकरांचं, एक राहिलेलं काम करायला. कुबलांबद्दल ते तुम्हा सगळ्यांसमोर एक वाक्य बोलून गेले होते, आणि ते त्यांना तुम्हा सगळ्यांसमोरच मागे घ्यायचं होतं. आज कुबल निवृत्त होतायत. आजचा दिवस हुकला तर ही एवढी माणसं पुन्हा एका छपराखाली कधी यायची?

तर गोष्ट कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीची. क्लबाचं फाटक बंद झालं आणि तुम्हा मंडळींची जी काय घालमेल सुरू झाली! हसताय कशाला? तुमच्या बायका माझ्याशी फोनवर बोलत होत्या. कोणाची शुगर चढली, कोणी घरातल्या कुंड्या हलवून पुन्हा तिथंच ठेवायला लागलं. आमच्याकडे ठाकूरद्वारच्या घरात मानकरांनी गॅलरीतल्या फरशीवर आमटीची वाटी आडवी ठेवून सराव मांडला. मग पॅसेजमध्ये काठी फिरवून ट्यूबलाइट फोडली. शेवटी गच्चीवर गेले. ते दिवस सांडगे-कुरडयांचे. शेजारच्या बेबीमावशींनी घातलेल्या सांडग्यांत यांचा चेंडू जाऊन बसला. मावशींनी काही केल्या तो परत दिला नाही. म्हणाल्या, "अच्युत, हा मी तळूनच पाठवते."

विनोद सोडा, पण राग खरा होता आणि त्यात थोडं तथ्यही होतं. मानकर सॉलिसिटर. ते मला रोज युक्तिवाद ऐकवायचे, "अगं, आमच्या खेळात कोण कोणाला शिवतं? दोन माणसांच्या मध्ये अख्खी वाडी मावेल एवढी जागा असते. दारूची दुकानं उघडली, आणि आमचं गवत बंद?" त्यातून त्यांची बायपास झालेली. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, आणि चालायचं तर कुठं, या दारापासून त्या दारापर्यंत. माणूस दिवसेंदिवस चिडका आणि बारीक होत चालला होता. मला भीती वाटायची.

एके दिवशी त्यांनी कुबलांना फोन लावला. मी समोर बसून पालेभाजी निवडत होते. म्हणाले, "कुबल, मला एकट्याला सोडा. पहाटे येतो, तासाभरात जातो. काळं कुत्रं बघणार नाही." पलीकडून कुबल अगदी हळू बोलले, पण फोन स्पीकरवर होता. "साहेब, तुमची तब्येत मला माहीत आहे. पण तुम्हाला सोडलं तर उद्या बाकीच्यांना कुठल्या तोंडानं अडवू?"

मानकरांनी फोन ठेवला आणि रागाच्या भरात क्लबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य लिहिलं. ते मी आज जसंच्या तसं म्हणणार आहे. दर्शनावहिनी, तुम्ही मन घट्ट करा. त्यांनी लिहिलं होतं, "ज्यांच्या बापाच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांना दुसऱ्याचं बंद पाडण्यातच सुख."

दचकू नका. तुम्ही सगळ्यांनी तेव्हा ते वाचलेलं आहे. काहींनी त्याखाली अंगठाही वर केला होता. तो कोणाकोणाचा, ते मी इथं सांगत नाही, कारण समारंभ निरोपाचा आहे.

कुबलांचे वडील गिरणी कामगार होते, करी रोडला राहायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मानकर एक गोष्ट मात्र विसरले. त्यांच्यासमोर भाजी निवडत बसलेली बाईसुद्धा लालबागची होती. माझं माहेरचं नाव घाडीगावकर. माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी कायमची बंद झाली, त्यानंतरही कितीतरी दिवस ते सकाळी डबा भरून घ्यायचे, गेटपर्यंत जायचे आणि तोच डबा घरी येऊन आमच्यासोबत खायचे. मी ते वाक्य वाचलं आणि मानकरांना एवढंच विचारलं, "माझ्या बाबांना कसलं सुख झालं होतं, सांगा ना."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग फोन घेतला आणि मेसेज पुसून टाकला. पण तोंडातून गेलेला शब्द पुसता येतो का? ज्याला लागायचा त्याला लागला होता. कुबलांनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी त्यांची सूचना आली, माळी मैदानावरच मुक्कामाला आहेत, गवताला पाणी चालू आहे, काळजी नसावी. आणि स्वतः कुबल त्या माळ्यांबरोबर राहत होते, हे सूचनेत नव्हतं. ते मला पुढं दर्शनावहिनींकडून कळलं.

मी म्हटलं, "अहो, फोन करा आणि माफी मागा." मानकर म्हणाले, "मागणार. पण फोनवर नाही. चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घेईन. एकांतातली माफी अर्धी असते. मैदान उघडलं की वार्षिक सभेत उभा राहीन." वकिली बाणा! आता बघा, चारचौघांनी जमायचं नाही असा सरकारी हुकूम, आणि आमच्या ह्यांना माफी मागायला चारचौघंच हवेत.

मैदान उघडलं. सभेची बंदी मात्र राहिली. पहिल्या दिवशी मानकर पहाटे पोचले तर त्यांचे दोन्ही जोडीदार आलेच नव्हते. एकाची इमारत सील झालेली, दुसऱ्याला सुनेनं सोडलं नाही. बॅगा वाहणाऱ्या कॅडींना अजून परवानगी नव्हती, ज्यानं त्यानं आपली बॅग उचलायची. बायपासवाला माणूस ती बॅग कशी उचलणार? ते परत फिरायच्या बेतात होते. तेवढ्यात कुबल ऑफिसातून बाहेर आले, मास्क नीट केला आणि बॅग खांद्याला लावली. क्लबाचा सचिव, ज्याच्या सहीशिवाय इथं पान हलत नव्हतं, तो त्या दिवशी नऊच्या नऊ होल मानकरांच्या मागून चालला. वाटेत बोलला ते एवढंच, "साहेब, सावकाश. घाई नाही."

मानकर घरी आले ते चेहरा उजळून आले. भूक लागली म्हणाले, किती दिवसांनी! मी विचारलं, "बोललात का त्यांच्याशी?" म्हणाले, "दोघंच होतो गं." मी कपाळावर हात मारला.

मग ती वार्षिक सभा झाली, पण कॉम्प्युटरवर. मानकर कोट घालून बसले. त्यांची पाळी आली, ते उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटून इतकं सुंदर बोलले की मी त्यांच्या शेजारी बसून रडले. आणि अध्यक्षमहाराज, तुम्हाला आठवतं का, त्या दिवशी खेळायच्या वेळा कोणाला कधी मिळणार यावरून एवढी बोंबाबोंब झाली होती की तुम्ही सगळ्यांचेच आवाज बंद करून ठेवले होते? यांच्या पाळीला यांचा आवाज उघडायचा राहिला. माझ्या नवऱ्याची माफी आमच्या दिवाणखान्याबाहेर गेली नाही. आमच्या पूर्वीनं, लेकीनं, तिच्या घरून सभा बघितली होती. तिनं रात्री फोन करून सांगितलं, "बाबा, तुम्ही नुसते ओठ हलवत होता." ते म्हणाले, "असू दे. पुढच्या सभेला सगळे समोर असतील."

पुढची सभा त्यांना मिळाली नाही. दुसरी लाट आली, फाटक पुन्हा बंद झालं. या वेळी ग्रुपवर कुरकुर सुरू व्हायच्या आधीच मानकरांनी लिहिलं, "कुबल सांगतील तेव्हाच जायचं. मी घरी आहे." त्याच लाटेत ते गेले.

चंदनवाडीच्या स्मशानात माणसं मोजून आत सोडत होते. आम्ही घरचे तेवढे आत गेलो. सगळं उरकून बाहेर आलो तर उन्हात, फाटकाच्या पलीकडे, कुबल उभे. केव्हापासून कोण जाणे. त्यांनी तिथल्या माणसाला "मला एकट्याला सोडा" असं म्हटलं नव्हतं. मला बघून पुढं आले, पण लांबच थांबले आणि म्हणाले, "वयनी, चला, घराक जावया." ठाकूरद्वारला सून म्हणून आल्यापासून आमच्या माहेरच्या मालवणी बोलीत मला कोणी घरी चल म्हटलं नव्हतं. मी तेव्हा पहिल्यांदा मोकळी रडले.

जयवंतभाऊ, हे मैदान तुम्ही राखलंत, त्याबद्दल हे सगळे सभासद तुमचे आभार मानतीलच. मी आभार मानते ते मधल्या महिन्यांचे. दोन टाळेबंद्यांच्या मधले ते महिने माझा नवरा पहाटे उठला, चालला, भुकेला होऊन घरी आला, माझ्याशी हसला. ते तुमच्यामुळे. तुम्ही आधी "नाही" म्हणालात म्हणून मैदान उघडतानाच्या तुमच्या "हो"वर मला विश्वास ठेवता आला आणि मी त्यांना निर्धास्त पाठवलं. दर्शनावहिनी, तुमचे आभार, कारण मैदानावर राहणाऱ्या माणसाचा डबा तुम्ही कधी चुकवला नाहीत. क्लबाचेही आभार, मला इथं उभं राहू दिलंत म्हणून.

भाषणाच्या शेवटी वक्ते म्हणतात, काही अधिकउणं बोलले असेन तर मोठ्या मनानं विसरा. माझ्या बोलण्यातलं काय उणं असेल ते तुम्ही खुशाल लक्षात ठेवा, मला त्याचं काही नाही. माफ करायचं आहे ते एकच वाक्य. जयवंतभाऊ, अच्युत मानकरांचं ते वाक्य मी त्यांच्या वतीनं, इथल्या प्रत्येकासमोर मागे घेते. ते खोटं होतं. ते तुमच्या वडिलांना लागलं, माझ्याही वडिलांना लागलं. आम्हाला क्षमा करा.

नाही, अशी मान हलवून "नको, नको" म्हणू नका. मानकरांना ते चाललं नसतं. माफ केलं की नाही, ते तोंडानं सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी तोवर खाली बसत नाही. बोला भाऊ, मी उभी आहे.