युवा केंद्रात हात लावू नये

...नाही, पण तुम्हीच सांगा, ज्या टीव्हीच्या आत टीव्हीच नाही, नुसता पुठ्ठा आहे, तो टीव्ही चोरून कोण नेणार आहे? तरी त्याच्यावर पाटी, 'हात लावू नये'! आणि ही पाटी कुठे, तर युवा केंद्रात. आणि त्या केंद्राचा अध्यक्ष कोण, तर मी. हसा, हसा. पहिले चार दिवस मीही हसलो होतो.

तुम्हाला सांगतो, आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तीन इमारती होत्या. आता एकवीस. सकाळी समोरचा डोंगर बघत चहा घ्यावा आणि संध्याकाळी बघावं तर डोंगराच्या जागी कुणाची तरी वाळत घातलेली पँट! बरं, इमारती आल्या म्हणजे माणसं आली, माणसं आली म्हणजे पोरं आली, पोरं काय, बघता बघता वाढतात, मग ही वाढलेली पोरं ठेवायची कुठे? जिन्यात बसली की तळमजल्यावरच्या आजी ओरडतात, पार्किंगमध्ये बसली की वॉचमन शिट्टी मारतो, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली की सेक्रेटरी फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, 'ही कोणाची?' त्या फोटोत डावीकडून दुसरी माझी. शेवटी कंटाळून पोरं मोठ्या रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर जाऊन बसायला लागली. तिथे दोन बाकं आहेत. पण रस्ता कसला, सहा पदरी, सिग्नल नाही, आणि ट्रक असे येतात जणू प्रत्येकाच्या घरी आग लागलीय. रोज संध्याकाळी माझी मुलगी तो पळत ओलांडते आणि मी सातव्या मजल्यावर खिडकीचा गज धरून उभा. ती पलीकडे पोचली की मग माझा श्वास सुटतो. पोरांना रस्त्याच्या अलीकडे बसायला जागा पाहिजे, एवढंच म्हणणं होतं माझं.

हे मी सोसायटीच्या मिटिंगमध्ये बोललो, तिथेच फसलो. मिटिंगमध्ये जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे वीस वर्षं ऑफिसात काढूनही मला कळलेलं नाही. कमिटी झाली सात जणांची. त्यातला सगळ्यात तरुण मी, वय वर्षं सत्तावन्न! मी म्हटलं, एखाद्या पोराला तरी घेऊ या. तर आमचे रिटायर्ड बँक मॅनेजर, ते चष्मा नाकावर घेऊन असे हळू बोलतात की वाटतं आता कर्ज नाकारणार, ते म्हणाले, "हे बघा... पोरं आली... तर चर्चा कशी होणार?" मग चर्चा झाली. वेळ ठरली सकाळी दहा ते पाच. मी म्हटलं, अहो, तेव्हा पोरं कॉलेजात असतात. "उत्तम," मॅनेजर म्हणाले, "म्हणजे गर्दी होणार नाही." पोरांना बसायला जागा पाहिजे, एवढंच म्हणणं होतं हो माझं!

जागेसाठी बिल्डरकडे खेटे घातले, चपला झिजल्या, तेव्हा त्याने काय दिलं, तर सँपल फ्लॅट. म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला सजवून ठेवतात ना, तो. तुम्ही कधी नीट बघितलाय सँपल फ्लॅट? खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड केलेला. मी आडवा झालो तर गुडघ्यापासून पुढचा मी हॉलमध्ये. पुस्तकांचं कपाट आहे, पुस्तकांना पानं नाहीत. नळ आहे, पाणी नाही. संडास आहे... जाऊ द्या, ते एकदा बँक मॅनेजरांना उशिरा कळलं. आणि जिथे तिथे 'हात लावू नये', कारण गिऱ्हाइकं येणं चालूच. पहिल्या दिवशी चार पोरं आली, पाच मिनिटं हात बांधून उभी राहिली आणि गेली पेट्रोल पंपावर. मुलीला विचारलं, का गं, काय झालं? "काही नाही बाबा, तिथे बसलं की दवाखान्यात नंबर लावल्यासारखं वाटतं."

पुढचं ऐका. बिल्डरचा सेल्समन, अखंड टाय लावलेला, अखंड घामेजलेला, तो एक दिवस पळत आला. "काका, ब्रोशरमध्ये आपलं युवा केंद्र छापलंय. रविवारी पार्टी येतेय. दोन-चार तरुण बसवून ठेवा ना." मी म्हटलं, कुठून आणू? तर मला मागून-पुढून बघून म्हणतो, "काका, पाठमोरे तुम्ही चालाल."

आणि मी बसलो! लाज सोडून सांगतो, बसलो. गिऱ्हाइकं आली तर इमारत विकली जाईल, इमारत विकली की बिल्डर हा सँपल फ्लॅट खरोखर आपल्याला देईल, असा माझा हिशोब. बायको म्हणाली, "अकलेचा कांदा तो कांदाच." तरी मुलीचं टोपीवालं जॅकेट घातलं आणि दाराकडे पाठ करून एकटाच बुद्धिबळ खेळत बसलो. सेल्समन मागून कुजबुजतो, "काका, टोपी वर घ्या, चंद्र दिसतोय."

पार्टी आली. नवरा-बायको आणि शाळकरी पोरगा. "हे आमचं युवा केंद्र, बघा कसे रमलेत तरुण." आणि तेवढ्यात दारातून आवाज, "बाबा, माझं जॅकेट!" तुम्हाला सांगतो, त्या पहिल्या दिवसानंतर सहा महिन्यांत केंद्रात आपणहून आलेली ती पहिली तरुण व्यक्ती, आणि तीसुद्धा जॅकेट न्यायला. काढून दिलं. चंद्र उगवला. सगळे माझ्याकडे बघतायत, आणि ती बाई, बिचारी इतक्या साधेपणाने म्हणाली, "अहो, आमच्या मुलाला बसायला जागा पाहिजे, एवढंच म्हणणं आहे आमचं."

खोटं बोलवेना. म्हटलं, ताई, जागा आहे, पण इथे नाही, रस्त्यापलीकडे पेट्रोल पंपावर. आणि रस्ता वाईट आहे. तर सेल्समनने काय म्हणावं? "बघा मॅडम, पेट्रोल पंपसुद्धा चालत पाच मिनिटांवर!"

घेतला त्यांनी फ्लॅट. सगळे फ्लॅट गेले. बिल्डरने बाविसावी इमारत काढली आणि सँपल फ्लॅट तिच्यासाठी ठेवून घेतला. रस्ता ओलांडणारी पोरं अकरा होती, आता बारा झाली.

मग आता मी काय करतो? रोज संध्याकाळी सहाला खाली उतरतो, रस्त्यात उभा राहतो, दोन्ही हात पसरून ट्रक थांबवतो आणि पोरं पलीकडे सोडतो. आठला परत आणतो. अध्यक्ष आहे मी, एवढं तरी करायला नको? परवा गार वारा होता म्हणून मुलीने आपण होऊन जॅकेट दिलं. मला भरून आलं. टोपी वर घ्यायला लागलो तर म्हणाली, "टोपी नको बाबा. डोकं उघडंच ठेवा, ट्रकवाल्यांना लांबून दिसतं."