गाठमुळीचा काढा

धोंडुबाई : माणसाचं औषध कांद्याला पाजलंस?

त्रिशला : पाजलं नाही, आजी. तुम्ही दिलेली गाठमुळी कॉलेजात नेऊन उकळली. कांद्याला आधी साध्या पाण्यावर मुळ्या फुटू दिल्या, मग एक दिवस त्या काढ्यात ठेवल्या. टोकं कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली.

धोंडुबाई : मग?

त्रिशला : जीव वाढताना आतले बारीक धागे दोन्हीकडं सारखे वाटले जातात. आईबापाचं रूप पोरात उतरतं ते त्यांच्यातूनच. साध्या पाण्यातल्या कांद्यात ते धड होते. काढ्यातले तुटलेले.

धोंडुबाई : एवढं सांगाय सांगलीस्नं पाटणच्या डोंगरात आलीस?

त्रिशला : पत्र टाकणार होते. पण वाचून कोण दाखवणार? आणि तुम्हीच म्हणाला होतात, पोटुशी बाईला उलट्या लागल्या की हीच देता.

धोंडुबाई : चाळीस वर्सं देती. मलाबी सासूनं हीच पाजली. जोतीराम झाला, पलटणीत गेला. आता माझ्या पोराकडं बघू, का तुझ्या कांद्याकडं?

त्रिशला : कांदा म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. आमचे सरही तेच म्हणाले. नक्की कळल्याशिवाय कुठं बोलू नको म्हणाले.

धोंडुबाई : तरी आलीस.

त्रिशला : तीनदा करून बघितलं. तीनदा तेच दिसलं. मग राहवेना.

चंद्रा : आत्याबाई, काढा निवलाय. घेऊ का?

धोंडुबाई : थांब.

त्रिशला : ह्या कोण?

धोंडुबाई : सून. जोतीरामची बायकू, चंद्रा. तिसरा म्हैना हाय.

त्रिशला : कधीपासून घेताय?

चंद्रा : पंधरा दीस झालं. सकाळच्याला वाटीभर. का वं ताई?

धोंडुबाई : ती वाटी खाली ठिव.

चंद्रा : आवं पर, उलट्या...

धोंडुबाई : ठिव म्हणती न्हवं.

चंद्रा : आत्याबाई, मागल्या दोन्ही खेपंला म्या हीच घेतली व्हती.

धोंडुबाई : पयल्या खेपंला दुष्काळ व्हता. खडी फोडाय जात व्हतीस, पोटात अन्न न्हवतं. त्यानं गेलं ते.

चंद्रा : आन् दुसरं?

धोंडुबाई : पोरी, तुझ्या त्या भिंगातनं ते दिसंल का? ती दोन माझ्या हातनं गेली का?

त्रिशला : नाही दिसणार. आता ते कुणालाच सांगता येणार नाही.

धोंडुबाई : आन् हे आतलं? हे ऱ्हाईल?

त्रिशला : तेही मला माहीत नाही, आजी. आजपासून काढा बंद करा आणि ह्यांना पाटणच्या दवाखान्यात दाखवा, एवढंच सांगू शकते.

चंद्रा : मला भ्या वाटतंय, आत्याबाई.

धोंडुबाई : मलाबी.

(सात महिन्यांनी. सांगलीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा.)

धोंडुबाई : तूच न्हवं ती? पांढऱ्या डगल्यात वळखू येईनास.

त्रिशला : आजी, तुम्ही? एकट्याच आलात? चंद्राताई कशा आहेत?

धोंडुबाई : पोरगी झाली. म्हैना झाला. हातापायाची बोटं रोज मोजती मी.

त्रिशला : म्हणजे काही झालं नाही.

धोंडुबाई : झालं न्हाई, का अजून दिसलं न्हाई?

त्रिशला : डॉक्टर काय म्हणाले?

धोंडुबाई : चांगली हाय म्हणालं. ते असू दे. ह्या गठुड्यात माझी बाकीची औषधं हायती, सगळी. कुठली कशावर देती ते सांगती, तू लिहून घे. गाठमुळी ह्यात न्हाई. जिला जिला दिली तिच्या दारात जाऊन बंद कर म्हणून सांगून आले. एकीनं तोंडावर दार लावलं. तिचंबी असंच गेलं व्हतं.

त्रिशला : एवढी सगळी तपासायला वर्ष जाईल, आजी. तोवर बायका आल्या तर काय देणार?

धोंडुबाई : येत्यात की अजून. त्यांच्याजवळ नुसती बसती.