सुगलाबाईंनी परांची ढकलली नाही

आज मी तुमच्यासमोर बसून चहा पितो आहे, याचे श्रेय कुंभारीच्या सुगलाबाईंना आहे. त्या देवळांचे रंगकाम करतात. एका मंडपाच्या छतालगतची जुनी चित्रे मी त्यांच्या चाकांच्या लोखंडी परांचीवर उभा राहून टिपत होतो. एक चित्र संपले की मी खाली उतरायचे, त्यांनी परांची सरकवून चाकांचे ब्रेक लावायचे आणि मी पुन्हा चढायचे, असा त्यांचा शिरस्ता. चौथ्या खेपेस माझे गुडघे कुरकुरू लागले.

‘बाई, मी वरच थांबतो. तुम्ही चार हात ढकला,’ मी म्हणालो.

‘न्हाय जमायचं, सर. मानूस वर असताना आमी हलवत न्हाय.’

मी परंपरेचा दाखला दिला. ‘अहो, जत्रेत मूर्तीसकट रथ ओढतातच ना?’

‘व्हय की. मूर्ती पडली तर नवी घडवता येती. उतरा.’

मी उतरलो. त्यांनी रिकामी परांची ढकलली. ती हातभर सरकते न सरकते तोच एका चाकाखालची फरशी खचली आणि ती उंच चौकट कलंडून खांबावर आदळली. मी जिच्यावर उभा होतो ती फळी निसटून दगडी पायरीवर पडली आणि दुभंगली.

मी त्यांना हात जोडले.

‘हात मागनं जोडा, सर,’ सुगलाबाई म्हणाल्या. ‘आदी हितं धरू लागा, ही उभी करायची हाय.’