मुठीला उठलेली लव

मंडळी, ऐका. आधी सवाल, मग टाळ. आपलं काम चांगलं झालं, हे ठरवायचं कोणी? करणाऱ्यानं, की ते वापरणाऱ्यानं? काका, मान हलवताय, पण होकाराची की नकाराची, ते कळू द्या की.

तर एक रंगोबा कातारी. कातारी म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला गोल घाट देणारा. लाटणी, पाळण्याच्या दांड्या, भोवरे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, लाख वितळून पसरते. वरून केवड्याचं पान घासायचं. चकाकी अशी, की त्यात बघून मिशी विंचरावी!

त्याचा दोस्त जिवाजी गुरव. देवळात पखवाज वाजवायचा. गुडघा गेला, कुबडी आली. रंगोबानं तिची मूठ घडवली. बोट फिरवून म्हणाला, "काच आहे, जिवा. काच."

(टाळ. — हं, पुरे.)

पंधरा दिवसांनी जिवाजी आला, हात मिटलेला.

"काय रे, प्रसादाचा पेढा लपवलायस?"

रंगोबानं बोटं उघडली. तळव्यावर फोड. एक फुटलेला.

"कुबडीनं?"

"घाम आला की टोचते रे. तुला वाईट वाटेल, म्हणून बोललो नाही."

आणि उत्सव आठ दिवसांवर! देवळाचे पंच म्हणत होते, जिवाजीला जमत नसेल तर मशीन आणू, बटण दाबलं की ताल. मंडळी, मशीन चुकत नाही, खरंय. पण चुकणाऱ्याला सावरून घेणं? तेही तिला येत नाही.

रंगोबा काय म्हणाला असेल? तुम्ही-आम्ही म्हणतो तेच.

"तळवाच नाजूक तुझा."

"तीस वर्षं चामड्यावर आपटलेला तळवा, नाजूक?"

रंगोबानं कुबडी घेतली. हात ओला केला, मूठ धरली आणि एक पाय वर घेऊन विहिरीपर्यंत गेला, परत आला. पाणी भरणाऱ्या बाया हसल्या. तो हसला नाही. लाख झिजली होती, खाली लव उठली होती. कोरड्या लाकडाचे तंतू झोपलेले असतात. ओल लागली की उभे राहतात. म्हणून कातारी आधीच ओलं फडकं फिरवतो, लव उठवतो, वाळली की घासून काढतो. रंगोबानं तेवढंच टाळलं होतं. कोरड्या बोटाला गुळगुळीत लागलं ना!

"जिवा, चुकलो."

"मग कर की परत. बसतो मी."

एवढंच. पंधरा दिवसांचं दुखणं — एवढंच.

लाख खरवडली. पाणी. सावलीत वाळवण. लेथ थांबवून, लाकडाच्या रेषेरेषेनं बारीक पॉलिश पेपर. पुन्हा पाणी — लव उठली. पुन्हा पेपर. तिसऱ्यांदा पाणी... उठलीच नाही.

जिवाजीनं ओल्या हातानं मूठ धरली, डोळे मिटले.

"काहीच लागत नाही रे."

रंगोबा तिथंच भुश्यात बसला.

उत्सवापर्यंत फोड सुकले. पखवाजावर पहिली थाप पडली तेव्हा, मागे खांबाशी उभ्या रंगोबानं आठ दिवसांचा श्वास सोडला. मशीन आलीच नाही.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यावर भार टाकून कोण चालतं? बायको? म्हातारा बाप? घरी गेलात की विचारा, "माझं काही टोचतं का?" ते म्हणतील, "छे, काही नाही."

त्यांच्याजवळून लगेच उठू नका. थोडं बसून राहा.