छत्रीवाली बदकीण

हॅलो?… हो, लेओनीच बोलतेय, माझ्या घरात आणखी कोण असणार… अगं मिरेय, तू होय. किती बारीक येतोय आवाज. दिजाँला वारा सुटलाय का?… मग खिडकी लाव आधी. मी आहे.

लावलीस? हां… दुपारी फोन केला होतास? बाहेर होते गं. लिलाववाल्यांकडे गेले होते… घ्यायला नाही, नुसतं बघायला. परवा जुन्या ब्रोचचा लिलाव आहे, तर आज सगळे काचेत मांडून ठेवले होते… कुठले म्हणजे? आमच्याच कारखान्यातले. पोवळ्याचा कोंबडा, चष्मेवाला साळिंदर… हो, हो, तोच, ज्याचा एकेक काटा हलायचा. आणि मधोमध, एकटी, मखमलीवर माझी बदकीण.

बदकीण गं. सत्तावन्न सालची. पोट दुधी चंद्रमण्याचं, डोळ्यात माणिक, डोक्यावर नीलम जडवलेली छत्री, आणि एक पाय असा वर, डबक्यात पडू नये म्हणून… तू नाही बघितलीस. पुरी झाली त्याच आठवड्यात विकली गेली.

अगं ऐक ना. शेजारी कार्ड होतं. ‘मालक मस्यू लॉर्मो यांनी स्वतःच्या हाताने रेखाटलेली.’… नाही, वाईट नाही वाटलं. आधी हसूच आलं. मालकांना खडे कळायचे, त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण बदक? साधा बटाटा काढता यायचा नाही त्यांना… ते वारले, मिरेय, मेलेल्या माणसाला काही बोलू नकोस. पगार वेळेवर दिला, नाताळला भाजायला हंस दिला. कारखान्यात कुणीच नाव घालत नसे, तशी रीतच होती. मीही कधी मागितलं नाही.

मग काय, निघाले. बसथांब्यावर उभी राहिले. बस आली, मी चढले नाही. दुसरी आली, तीही जाऊ दिली… काही विचार केला नाही गं. ‘स्वतःच्या हाताने’ एवढंच डोक्यात. आणि पाय आपले परत वळले.

एक तरुण मुलगा होता तिथे, मस्यू रिव्हाल. तोच त्यांचा जाणकार. त्याला म्हटलं, ही मी काढली… नाही, उद्धट नव्हता. पण म्हातारीला खुर्ची देतात ना, तशा आवाजात बोलला. म्हणाला, ‘मादाम, काही कागद आहे का?’ कागद कुठला? चित्रं सगळी मालकांच्या कपाटात जायची.

मग म्हटलं, भिंग घ्या आणि छत्रीच्या आत बघा. आठ काड्या आहेत, डावीकडून तिसरी मोडलेली आहे… फोटोत कुठून दिसणार? छत्री उलटी केल्याशिवाय दिसतच नाही. त्याने हातमोजे घातले, दिव्याखाली धरली… बराच वेळ. मी आपली पर्सचा पट्टा पिळतेय. मग मान वर न करताच म्हणाला, ‘सत्तावीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.’

हो… हो, सापडली. मग त्याने विचारलं, काडी मोडकी का?

सांगितलं खरं ते… आता चिडू नकोस. म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीची छत्री तशीच होती.

हॅलो?… आहेस ना?

अगं, तुझा तेव्हाच्या त्या प्रियकराशी, गॅस्तोंशी, तंटा झाला होता. भर पावसात, नाक वर करून, तू गल्लीतून तरातरा निघालीस, एकेक डबकं चुकवत. मी वरच्या खिडकीतून बघत होते. इतकी रागावलेली आणि इतकी सुंदर दिसत होतीस, की त्याच रात्री काढली… बदकच का? आता कसं सांगू… चालत होतीस तशी. हस, हस. मला वाटलं फोन आपटशील.

नाही, तुझं नाव नाही घातलं. माझं घातलं. कॅटलॉग छापून झालाय, पण तो म्हणाला, आत चिठ्ठी चिकटवतो आणि लिलावात मोठ्याने सांगतो. नवं कार्ड तर माझ्यासमोर टाइप केलं. ‘चित्र : लेओनी फाबर्ग.’ मी म्हटलं, एवढ्यावर नाही भागत. खडे आँसेल्मने बसवलेत. तो चंद्रमणी दोनदा तडकला तेव्हा तीन दिवस जेवला नव्हता तो. त्याचंही घाला… घातलं ना. दोन ओळींचं कार्ड झालं. आँसेल्मच्या बायकोला कळवलं मी, उद्या येतेय ती बघायला. फोनवर नुसती ‘खरंच?’, ‘खरंच?’ म्हणत होती.

कोण घेईल? कोण जाणे. घेवो कुणीही… नाही, मला नकोय ती. मी काय करू घरात ठेवून? कुणाच्या तरी कोटावर चालू दे तिला.

तू? परवा? अगं, इतक्या लांब… बरं, ये. सकाळच्या गाडीने ये. बीट उकडून ठेवते… वर घालायला मोहरीची चटणी आण तिकडची, इथली बेचव असते.

आत्ता? काही नाही, स्वयंपाकघरात बसलेय. हे… पेन्सिलीचा आवाज. तुला ऐकू येतोय?… हो, काढतेय. नऊ वर्षांनी. हात जरा अडखळतोय, पण येतंय… गोगलगाय. पाठीवर शंखाऐवजी प्रवासाची पेटी, पट्टे आवळलेली.

नाही गं, शेजारीण नाही. कारखान्यातलंही कुणी नाही. आजवर दुसऱ्यांनाच काढलं, मिरेय. ही मी आहे.

चल, ठेवते आता. शिंगं काढायची राहिलीत.